कोलूच्या डाव्या अंगाला

शनिवारचं भजन ऐन रंगात आलं होतं, लटारू डोळे मिटून पेटी वाजवत होता, आणि तेवढ्यात कोसमटोल्याची बुधरी मंडपात शिरली. पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले, हातात बांबूची काठी, डोक्यावर पोत्याची खोळ. बायांमधून वाट काढत ती थेट पुढं गेली आणि शेंदरात न्हाऊन निघालेल्या नव्या मारुतीसमोर कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कोलू," ती म्हणाली, "उठ. घरी चाल."

पेटी थांबली. टाळांना बातमी जरा उशिरा कळली. ते आणखी दोन-चारदा वाजून गप्प झाले.

"पंधरा दिस झाले, लोकाइचे नारळ खाऊन राह्यला," बुधरी देवाला म्हणाली. "फुकटचं खायची सवय तुले कई लागली?"

मंदिर समितीचा अध्यक्ष धनराज पुढं झाला. तो घुग्घुसला कोळशाच्या खाणीत पाळी करायचा आणि सुट्टीला गावी आला की चिचघाटचा धर्म सांभाळायचा. "आजी, हा मारुती हाये. देवासंग असं बोलू नये."

"हो का?" बुधरीनं मान तिरकी करून दगडाकडे पाहिलं. "मंग माझ्या नवऱ्यासारखा वाकडा काऊन उभा हाये?"

दगड वाकडा होता हे मात्र खरं. समितीनं तो दोनदा ओळंबा लावून सिमेंटात सरळ बसवला होता आणि दोन्ही वेळा सकाळी तो उजव्या खांद्यावर झुकलेलाच सापडला होता. ही गोष्ट समितीनं गावाला सांगितली नव्हती. गावानं ती समितीला सांगितली होती.

कोलू म्हणजे बुधरीचा नवरा. चाळीस वर्षं त्यानं कोसमटोल्याची आणि चिचघाटची, दोन्ही गावांची ढोरं राखली. कोसमटोला गोंडांचा, चिचघाट कुणब्यांचा. मधून एक नाला वाहायचा. नाल्याच्या अलीकडची गाय आणि पलीकडची गाय यांच्यात कोलूला कधी धर्म दिसला नाही. तो झाडाखाली डोळे मिटून पडायचा आणि गळ्यातल्या घंट्यांवरून तीनशे ढोरं मोजायचा. एक कमी झालं तर डोळे न उघडता सांगायचा, लटारूची तांबडी भलत्या बाजूला गेली. एकदा वाघानं कालवड धरली, तर यानं मागचे पाय धरले म्हणे. दुपारपर्यंत कोणीच सोडेना. शेवटी वाघालाच लाज वाटली. असा हा माणूस दोन वर्षांपूर्वी वाघानं नाही, सापानं नाही, साध्या तापानं खाटेवर गेला. बुधरीला त्याचं दुःख तर झालंच, पण थोडा रागही आला. इतक्या चांगल्या गोष्टीचा असा फिका शेवट करून ठेवला.

गोंडांमध्ये माणूस गेला की त्याच्या नावाचा उभा दगड रोवतात. मातीत गेलेला माणूस तिथं येऊन बसतो, सणाला नाव घेऊन हाक मारली की ओ देतो. तो सुखात असला तर दगड वाढतो. कोलूचा दगड बुधरीनं स्वतः नाल्यातून निवडला होता, अडीच हात उंच, पोटावर पांढरी रेघ. कोलूला काठी टेकून उजवीकडे झुकायची सवय होती. दगडही रोवल्या दिवसापासून तसाच झुकला. दर सणाला बुधरी वितीनं मोजायची आणि दोन बोटं वाढल्याचं जाहीर करायची. तिची वीत दरवर्षी किती आकसत होती हे कोणी मोजलं नाही.

त्या दगडाच्या डावीकडे तिनं हातभर जागा राखली होती. तिथं गवत वाढू द्यायची नाही, शेळी बसू द्यायची नाही. बायकोचा दगड नवऱ्याच्या डाव्या अंगाला लागतो. बुधरी बहात्तरची होती, आणि आता आपल्याला फक्त तेवढीच एक जागा गाठायची आहे, बाकीचं सगळं झालं, असं ती आनंदानं सांगायची.

आषाढात नाला फुगला. असा फुगला की चिचघाटच्या एका रेड्याला तो उलट्या दिशेनं, चढावर वाहून घेऊन गेला, असं सांगतात. कोलूचा दगड मात्र रीतसर खाली गेला. पाणी ओसरलं तेव्हा चिचघाटच्या घाटावर, काल जिथं नुसती रेती होती तिथं, एक दगड सरळ उभा. म्हणजे जरा वाकडा, पण उभा. आणि वार शनिवार. दगड पोहत येत नाही हे चिचघाटला ठाऊक होतं, आणि उभ्यानं तर मुळीच येत नाही. कोणीही हात जोडले असते. दुपारपर्यंत शेंदूर आला, संध्याकाळपर्यंत समिती आली, आठवड्यात टिनाचा मंडप आला.

त्याच सुमारास कोसमटोल्यात बुधरी रिकाम्या खड्ड्यापाशी बसली होती.

तिच्या दिराचा नातू सुनिल गडचिरोलीला कॉलेजात होता. त्यानं चिचघाटच्या मारुतीचा फोटो मोबाइलवर पाहिला, पोटावरची पांढरी रेघ मोठी करून पाहिली, आणि पहिल्या एसटीनं गावी आला. "आजी, त्याइनं आपला बुढा पळवला," तो म्हणाला. "आपला धर्म अलग हाये. आपन गप बसलो तं उद्या सगळेच दगड रंगवतीन."

मग जे व्हायचं ते झालं. सुनिलनं अर्ज दिला, धनराजनं उलट अर्ज दिला. दोन्हीकडच्या पोरांनी मोबाइलवर एकमेकांचे पूर्वज काढले. कोणीतरी नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावर, रपट्यावर, एकाची मोटारसायकल अडवली, कोणाचं तरी डोकं फुटलं, तीन टाके पडले. कोसमटोल्याच्या बाया चिचघाटच्या शेतातल्या बांध्यांमध्ये धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, करायला जायच्या, त्यांनी जायचं थांबवलं. धानाच्या रोपांचे पऱ्हे वाफ्यातच पिवळे पडायला लागले. बायांच्या चुली मंदावल्या आणि कुणब्यांची झोप उडाली, पण मागं कोणी सरेना, कारण दोन्ही बाजूंना आता जिल्ह्याच्या ठिकाणाहून भाषण करायला पाहुणे येतो म्हणत होते.

बुधरी मात्र रोज जात राहिली. रोज सकाळी नाला ओलांडायचा, मंडपात बसायचं, आणि देवाला दोन तास गावच्या बातम्या सांगायच्या. कोणाची शेळी व्याली, कोणत्या गाईच्या खुराला कीड पडली. पहिल्या दिवशी पोरांनी तिला बाहेर काढायला पाहिलं. पण म्हातारीच्या अंगाला हात कसा लावायचा, आणि हात न लावता बुधरीला हलवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. आठव्या दिवशी तिनं मोहाच्या दारूचे चार थेंब दगडापुढं शिंपडले, तेव्हा लटारूनं कानावर हात ठेवले.

"बुधरीबाई, शनिवार हाये."

"मनूनच चार. इतर वारी तो गिलास घेते."

दहाव्या दिवशी मंडपात भागीरथा आली. ही धनराजची आई, चिचघाटच्या बायकांमधली सगळ्यांत वडील. हातात नारळ होता. बुधरीला पाहून ती थोडं अंतर ठेवून बसली. दोघींनी एकाच दगडाकडे बराच वेळ पाहिलं.

"तुमी कायले येता, बाई?" शेवटी बुधरीनं विचारलं.

"माझ्या नातनीले मलेरिया झाला होता," भागीरथा म्हणाली. "दिव्याले. गडचिरोलीच्या दवाखान्यात पाच दिस पोरगी शुद्धीत नव्हती. मी इथी येऊन नवस बोलली. सकाळी पोरगी उठली आन पोहे मांगतले. आता तू मनशीन का हा देव नाई."

बुधरीनं विचार केला.

"मी काऊन मनीन?" ती म्हणाली. "कोलूले लेकराइचा लय लळा. वासराले ताप आला तं रातभर मांडीवर घेऊन बसे. तुमच्या पोरीसाठी गेला असन तो दवाखान्यात. दार माहीत नाई मनून पाच दिस लागले."

भागीरथाला हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला. "तू माझ्या देवाले ढोरकी मनून राह्यली."

"आन तुमी माझ्या बुढ्याले देव मनून राह्यले. मी रागावली का?"

भागीरथानं नारळ फोडला. एक वाटी बुधरीपुढं सरकवली. बुधरीनं ती घेतली, खोबरं काढून खाल्लं, आणि पहिल्यांदा तिचा आवाज खाली आला.

"बाई, दगड जाते तं जाऊ द्या. पन मी मरीन तवा माझा दगड कुठी लावतीन? तिथी नुसता खड्डा हाये. खड्ड्याच्या डाव्या अंगाले कोन बसते?"

भागीरथानं आपल्या वाटीतलं पाणी हळूच दगडाच्या पायाशी ओतलं आणि उठून गेली.

श्रावणातल्या दुसऱ्या बुधवारी ठाणेदारसाहेबांनी शांतता समितीची बैठक बोलावली, तीही चिचघाटच्या मंडपातच, देवासमोर. शांतता समितीत खरी शांतता चहा येईपर्यंतच असते. चहा येताच धनराज उठला. त्याच्याकडे फळलेल्या नवसांची यादी होती. मग सुनिल उठला. त्याच्याकडे दगड रोवला त्या दिवसाचा फोटो होता, पण त्यात दगडापेक्षा सुनिलच जास्त दिसत होता.

"फोटोत अर्धाच दगड आहे," साहेब म्हणाले. "रेघ तर कोणत्याही दगडाला असते. भूगर्भवाल्यांना पत्र लिहावं लागेल."

"लिहा साहेब," सुनिल म्हणाला. "पन तवर पूजा बंद करा."

"पूजा बंद होनार नाई," धनराज म्हणाला. "पुढच्या शनवारी प्रतिष्ठा हाये. पत्रिका वाटल्या. हात लावून पाहा कोनी."

मागची पोरं उभी राहिली. दोन्हीकडची. हवालदारांनी काठ्या सरळ केल्या. बाहेर रपट्यावर अजून वीस-पंचवीस जण जमल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं.

"साहेब, मले बोलू द्या," बुधरी खालूनच म्हणाली. तिला उठायला वेळ लागला, आणि तेवढा वेळ सगळे थांबले. "भांडन मिटलं. मी दगड देऊन टाकला."

सुनिल तिच्याकडे पाहतच राहिला. "आजी, काय बोलून राह्यली?"

"नवरा माझा, का तुह्या कॉलेजचा?" बुधरी म्हणाली. "मी देऊन टाकला याइले. चांगली जागा हाये, वर टिन हाये, भजन हाये. जितेपनी त्याले कोनी पेटी ऐकवली नाई. राहू द्या."

धनराजनं हात जोडले. "आजी, तुमचे उपकार…"

"थांब बाबू, उपकार मंग. एक गोष्ट साहेबाच्या समोर लिहून पायजे." तिनं काठी उचलली आणि मारुतीच्या डावीकडच्या नव्या फरशीवर टेकवली. "आमच्यात बायकोचा दगड नवऱ्याच्या डाव्या अंगाले लावतात. मी बहात्तरची हाव. दोन सालं, तीन सालं. मंग माझा दगड इथी लावायचा. ही फरशी फोडा लागन. कोंबडा कापा लागन, ढोल वाजवा लागन. सनाच्या दिशी दोघाइची नावं घ्यायची, कोलू आन बुधरी, आन दोघाइलेबी मोहाची द्यायची. लिहून देता?"

लटारूच्या तोंडून आपोआप निघालं, "मारुतीच्या डाव्या अंगाले बाई?"

मागं कोणीतरी हसलं. कोणत्या बाजूचं ते कळलं नाही.

"आजी," धनराज अगदी समजावणीच्या सुरात म्हणाला, "मारुती ब्रह्मचारी हाये."

"असन," बुधरी म्हणाली. "मले तं कोलूपासून तीन पोरी झाल्या. आता तुमीच ठरवा बाबू. हा मारुती असन तं मले इथी जागा नाई, बरोबर हाये. पन मंग माझ्या नवऱ्यावर तुमी त्याचं नाव लिहिलं, हे मारुतीले तरी चालन का? आन हा कोलू असन तं माझ्याबिगर कसा राह्यन? मी काई भांडत नाई. मी तं देऊन टाकला."

ती पुन्हा खाली बसली आणि गार झालेला चहा प्यायला लागली.

ठाणेदारसाहेबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. आतापर्यंतच्या नोकरीत त्यांच्यापुढं दगड मागणारे पुष्कळ आले होते; देणारं कोणी आलं नव्हतं. धनराजनं समितीकडे पाहिलं, समितीनं जमिनीकडे.

तेव्हा बायकांमधून भागीरथा उठली. भर सभेत पुरुषांसमोर ती कधी बोललेली नव्हती, म्हणून तिनं पदर डोक्यावर आणखी ओढला, पण आवाज स्वच्छ होता.

"धनराज, तुह्या बापाची राख आपन कुठी सोडली?"

"मार्कंड्याले. वैनगंगेत."

"मी तिथी जत्रेले जाते तवा पाहाते, पानी वाहून राह्यते. कोनतं पानी त्याचं? घाटावर उभी राह्यते आन वापस येते. माझ्या मानसाशी बोलाले जागा नाई." तिनं बुधरीकडे बोट केलं. "हिले जागा हाये. चालत जाऊन बोलता येते अशी. ते देऊन टाक."

"आई, आन तुहा नवस? दिव्याचा?"

"नवस माझा हाये. मी फेडीन. अर्धा कोस जाऊन फेडीन. देव नाल्यापलीकडे राहाले गेला मनून नवस लहान होते का?"

धनराजनं मंडपाच्या कडेला पडलेली पहार उचलली. हवालदार दचकले. पण तो दगडाशी गेला, वाकला, कपाळ टेकवलं, आणि स्वतः लावलेलं सिमेंट स्वतः फोडायला लागला. थोड्या वेळानं सुनिलही दुसऱ्या बाजूनं बसला. दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. फक्त एकदा सुनिल म्हणाला, "हळू, पायाले लागन त्याच्या," आणि धनराजनं पहार हळू केली.

प्रतिष्ठेच्या पत्रिका वाटून झाल्या होत्या, पाहुणे यायचे होते, आणि देव निघाला होता. समितीला घाम फुटला. ती अडचणही बुधरीनंच सोडवली. दुसऱ्या दिवशी ती धनराजला घेऊन नाल्यात उतरली, पाऊण तास काठीनं दगड ठोकत फिरली, काही नाकारले, एकाशी थोडं बोलली, आणि शेवटी एका काळ्या, रुंद छातीच्या दगडावर काठी ठेवली.

"हा घे. हा कोनाचाच नवरा नाई. मी विचारलं."

चिचघाटचा मारुती तो आजही आहे. सरळ उभा आहे. नवसालाही पावतो, असं लटारू सांगतो.

शुक्रवारी कोलू घरी गेला. बैलगाडीत, गळ्यात झेंडूची माळ, पुढं चिचघाटचं भजनी मंडळ. रपट्यावर कोसमटोल्याचे ढोल वाट पाहत होते. आता पुढं कोणी वाजवायचं यावरून पुन्हा दोन्हीकडच्या भुवया चढल्या. मग दोघांनीही एकदमच वाजवलं. तो आवाज असा झाला की दोन्ही गावांची ढोरं दावी तोडून रानात पळाली आणि रविवारपर्यंत परतली नाहीत. "त्याइले वाटलं असन, ढोरकी परत आला," बुधरी म्हणाली.

कोसमटोल्यात दगड जुन्या खड्ड्यात रोवला. तो लगेच उजवीकडे झुकला. सुनिलनं बादली आणि घासणी आणली. शेंदूर घासून काढायचा, आपला माणूस आपल्या रंगात पाहिजे, असं त्याचं म्हणणं होतं. बुधरीनं घासणी त्याच्या हातातून काढून घेतली.

"साठ सालं दुसऱ्याचे जुने सदरे घातले त्यानं," ती म्हणाली. "एक नवा कपडा भेटला, तं तू उतरवून राह्यला?"

सोमवारपासून कोसमटोल्याच्या बाया चिचघाटच्या बांध्यांमध्ये उतरल्या. रोवणा आठ दिवस उशिरा झाला. अर्ज दोन्ही मागं घेतले गेले, भूगर्भवाल्यांचं पत्र साहेबांनी लिहिलंच नाही. ज्याचं डोकं फुटलं होतं तो मात्र अजून रपट्यावर भेटला की मान फिरवतो. टाके लवकर सुटतात, बाकीचं आपल्या चालीनं.

भागीरथा त्यापुढच्या शनिवारी एकटी आली. नाल्याला अजून पाणी होतं. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, हातात नारळ, पिशवीत दिव्याच्या हातचे पोहे. बुधरी दगडाच्या उजवीकडे बसून सुपात मोहाची टोळ, म्हणजे तेलाच्या बिया, निवडत होती. भागीरथानं हात जोडले, नारळ फोडला, पाणी दगडाच्या पायाशी ओतलं. चालून दमली होती. डावीकडे स्वच्छ, सारवल्यासारखी हातभर जागा दिसली, तिथं ती टेकली.

"सरका बाई," बुधरी सुपावरून डोळे न काढता म्हणाली. "तिथी मी बसनार हाव."

भागीरथा उठली. थोडी बाजूला सरली, आणि बसण्याआधी आपण टेकलो होतो ती जागा तिनं पदरानं हलकेच पुसून घेतली.